पाच वाजले

दिवाळीत अमळनेरला गेले, तर ओसरीवरचं घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं. शंका आली ती तिथंच. आमचं ते घड्याळ थंडीत पुढे जायचं, उन्हाळ्यात मागे पडायचं. बरोबर असणं त्याच्या स्वभावात नव्हतं. जवळ जाऊन काचेचं दार उघडलं. पूर्वी ते उघडलं की मशीनचं तेल, जुनं सागवान आणि आत ठेवलेल्या किल्लीचं पितळ असा एक मिसळलेला वास यायचा. आता फेविकॉलचा आला. लंबक डुलत होता. मी त्याला बोटानं थांबवलं. काटे चालतच राहिले.

"ताई, मशीन बदलून घेतलं," भाऊ आतून म्हणाला. "जुन्याला हात लावणारा माणूसच गावात राहिला नाही. आता सेलवर चालतं. किल्लीची कटकट गेली."

"मग हा लंबक?"

"तो शोचा. ही म्हणाली, लंबक नसला तर घड्याळ भुंडं दिसतं."

मी तत्त्वज्ञानात एम.ए. केलं आणि पुढचं आयुष्य बँकेत काढलं. बँकेत लायब्निझ कधी लागला नाही. पण त्या ओसरीवर, थांबलेला लंबक बोटाशी धरून उभी असताना, तो एकदम समोर येऊन ठाकला. देकार्तनं मन आणि शरीर इतकी वेगळी करून ठेवली होती की दोघांचा व्यवहार चालतो कसा, हे पुढच्यांना सांगता येईना. लायब्निझनं 1696 साली एका पत्रात दोन घड्याळांचं उदाहरण घेतलं. दोन घड्याळं तंतोतंत जुळून चालताहेत. का? एक तर ती एकमेकांना ओढत असतील. नाहीतर एखादा कारागीर शेजारी बसून सारखे काटे जुळवत असेल. नाहीतर दोन्ही मुळातच अशी घडवली असतील की आपापल्या चालीनं चालूनही ती जुळणारच. लायब्निझला हे तिसरं हवं होतं. हात उचलावासा वाटणं आणि हात उचलला जाणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ईश्वरानं आरंभीच दोन्ही जुळवून ठेवलीत, एवढंच. परीक्षेसाठी हे पाठ करताना मला हसू यायचं. माणसं असं काही खरोखर मानत असतील, यावर विश्वास बसत नसे.

आणि आता आमच्याच भिंतीवर तेच चाललेलं. लंबक एका चुंबकाच्या जोरावर हलतो, काटे एका स्फटिकाच्या, एकाला दुसऱ्याची खबर नाही, आणि आल्यागेल्याला मात्र वाटतं की लंबकामुळेच काटे फिरताहेत. एक गोष्ट दुसरीच्या पाठोपाठ दिसत राहिली की दुसरी पहिलीमुळे झाली असं धरून चालायची मनाला सवय लागते, आणि कार्यकारण म्हणून आपण जे मिरवतो ते बहुतेक ही सवयच, असं ह्यूम म्हणत असे. दिवाळीच्या फराळाला येणारी सगळी मंडळी ह्यूमला साक्षीदार म्हणून चालली असती.

पण मला त्या दोघांपेक्षा आमचे वडील, अप्पाच आठवत राहिले.

टोल्यांच्या घड्याळाचा एक नियम असतो: काटा मागे फिरवायचा नाही, टोले बिघडतात. घड्याळ मागे पडलं असेल तर काम सोपं; काटा पुढे सरकवायचा, मधे टोला आला तर तो पुरा होऊ द्यायचा. पण डिसेंबर-जानेवारीत ते पुढे जाई, तेव्हा अप्पा दार उघडून लंबक हातात धरून उभे राहात. नुसते उभे. गळ्यात मफलर, डोळे छताकडे, स्वयंपाकघरात रेडिओ लावलेला. बातम्यांच्या आधी तो पिक्-पिक् करे. शेवटच्या पिकला अप्पा लंबक सोडत. तोवर घरात कुणी बोलायचं नाही. आई भांडंसुद्धा आपटत नसे. मी एकदा विचारलं, "अप्पा, काय करताय?" तर म्हणाले, "वेळ येऊ देतोय."

अप्पा हायस्कुलात गणित शिकवत. देव मानत नसत. देव्हाऱ्याकडे पाठ करून जेवायला बसत, पण घड्याळाला किल्ली द्यायची ती रविवारी आंघोळ झाल्यावरच. डाव्या भोकात टोल्यांची, उजव्या भोकात चालीची. खानदेशच्या उन्हाळ्यात लंबकाची दांडी तापून किंचित लांबते आणि घड्याळ आठवड्याला मिनिटभर मागे पडतं, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. मग लंबकाखालची चक्री फिरवून तो वर घ्यायचा. थंडी आली की खाली. गिरणीचा भोंगा, रेडिओ आणि भिंतीवरचं घड्याळ या तिघांत अप्पांचा विश्वास रेडिओवर आणि जीव घड्याळावर होता.

किल्ली द्यायला स्टुलावर चढायची परवानगी भावाला आठव्या वर्षी मिळाली. मी त्याच्याहून मोठी, गणितात बरी, आणि उंचही. मला कधीच मिळाली नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही, आणि तो राग अजून माझ्यापाशी व्यवस्थित आहे. पुढे लॉकचं वाचलं तेव्हा तो नव्यानं उफाळून आला. 1690 सालच्या आपल्या मोठ्या निबंधात लॉक स्ट्रासबूर्गच्या प्रसिद्ध घड्याळाची गोष्ट काढतो. बाहेर उभा राहून बघणाऱ्या खेडुताला काटे फिरताना दिसतात, टोले ऐकू येतात. आतली चाकं आणि स्प्रिंगा माहीत असणाऱ्या कारागिराला दिसतं ते वेगळंच. आणि जगातल्या सगळ्या वस्तूंच्या बाबतीत, लॉक म्हणतो, आपण त्या खेडुताच्या जागी आहोत. सोन्याचा पिवळेपणा, वजन, वितळणं एवढंच आपल्या हाती. ते तसं का, हे आतल्या रचनेत, आणि तिथवर आपली पोच नाही. लॉकनं हे अत्यंत शांतपणे लिहिलंय. त्याला काचेबाहेर उभं राहायचं दुःख नव्हतं. बहुधा त्याचा धाकटा भाऊ स्टुलावर चढलेला त्यानं पाहिला नसावा.

इथं मधेच हायगेन्सला आणायला हवं. त्याच्याशिवाय यातली कुठलीच उपमा उभी राहिली नसती. 1656 च्या डिसेंबरात या डच गणितज्ञानं लंबकाचं घड्याळ जुळवलं आणि दिवसाला पाव तासानं चुकणारी घड्याळं एकाएकी सेकंदांच्या गोष्टी करू लागली. त्याच वर्षी 27 जुलैला ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजानं तेवीस वर्षांच्या स्पिनोझाला बहिष्कृत केलं होतं. पुढे स्पिनोझा फोरबुर्ग गावात भिंगं घासत राहू लागला, तेव्हा हायगेन्सच्या घराण्याची वाडी तिथंच होती. दोघांची ओळख होती, भिंगांवर बोलणं व्हायचं. हायगेन्स त्याच्या भिंगांची तारीफ करी, पण पत्रांत त्याचं नाव न घालता 'फोरबुर्गचा ज्यू' असं लिही. 1665 साली आजारपणात खोलीत पडल्यापडल्या हायगेन्सला दिसलं की एकाच तुळईला टांगलेली दोन घड्याळं काही वेळानं आपोआप एकमेकांशी जुळतात. दोन लंबक उलटसुलट, पण एका तालात. कारण शोधलं तर तुळईच न दिसेल इतकी हलत होती. लायब्निझच्या पत्रातल्या पहिल्या पर्यायामागे हीच तुळई आहे. पॅरिसमध्ये लायब्निझला गणिताची खरी वाट दाखवली तीही हायगेन्सनंच.

स्पिनोझाला मात्र घड्याळाची उपमा कामाचीच नव्हती. त्याचा ईश्वर बाहेर बसून काही घडवत नाही. जे आहे ते सगळं मिळूनच ईश्वर, आणि त्यात हेतू शोधणं म्हणजे आपल्या अज्ञानाला देवाचं नाव देणं. हे सांगणारं त्याचं 'नीतिशास्त्र' तो गेल्यावर, 1677 साली बाहेर आलं. लायब्निझ आदल्या नोव्हेंबरात हेगला जाऊन त्याला भेटला होता, चर्चा केली होती, आणि पुढे आयुष्यभर ती भेट किरकोळ असल्यासारखा वागला. लायब्निझवर माझी माया आहे, पण हे मला आवडलेलं नाही.

माया आहे ती त्याच्या शेवटामुळे. न्यूटनला दिसत होतं की ग्रह आणि धूमकेतू एकमेकांना ओढतात, त्यातून सूर्यमालेत बारीक गडबडी साचत जातील, आणि कधीतरी तिची पुन्हा घडी बसवावी लागेल. 1715 च्या नोव्हेंबरात लायब्निझनं वेल्सची राजकन्या कॅरोलाइन हिला लिहिलं की या न्यूटनमंडळींचा देव मोठा अजब कारागीर. आपल्याच घड्याळाला त्याला मधूनमधून किल्ली द्यावी लागते, साफसफाई करावी लागते, दुरुस्तीही. जितकी दुरुस्ती जास्त, तितका कारागीर कच्चा. उत्तर दिलं न्यूटनचा मित्र, लंडनचा पाद्री सॅम्युएल क्लार्क यानं: ज्या राज्यात राजानं काही न करता सगळं आपोआप चालतं, तिथला राजा नावापुरताच, आणि अशा राजाला प्रजा एक दिवस घरी बसवते. देवाचं रोज लक्ष घालणं हा कमीपणा नव्हे, तेच देवपण. पत्रं अशी पाच-पाच झाली. अवकाश म्हणजे काय, काळ म्हणजे काय, कारणाशिवाय काही घडू शकतं का, सगळं त्यात आलं. सहाव्याची वेळ आली नाही. 14 नोव्हेंबर 1716 ला लायब्निझ हॅनोव्हरमध्ये वारला.

ज्या घराण्याची त्यानं चाळीस वर्षं चाकरी केली त्यातला गेओर्ग लुडविग 1714 साली ब्रिटनचा राजा झाला आणि दरबार घेऊन लंडनला गेला. लायब्निझला सांगितलं, तू इथंच थांब, आमच्या घराण्याचा इतिहास पुरा कर. तो 1005 सालापर्यंत आणता आला होता. अंत्यविधीला दरबारातलं कुणी आलं नाही. राजानं काही न करता सगळं चालावं, असं ज्याला वाटत होतं, त्याचा स्वतःचा राजा त्याच्यासाठी काही न करता मोकळा झाला.

आणि मग व्हॉल्तेर. 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, देवळं भरलेली असताना लिस्बनला भूकंप झाला. पाठोपाठ समुद्र आत आला, आगी लागल्या. चार वर्षांनी व्हॉल्तेरनं 'काँदीद' लिहिलं आणि शक्य त्या जगांतलं हेच उत्तम जग म्हणणाऱ्या लायब्निझला कायमचं विदूषक करून ठेवलं. मला हे पुस्तक आवडतं आणि व्हॉल्तेरचा राग येतो, दोन्ही एकदम. मेलेल्या माणसाची टर उडवायला हुशारी लागत नाही. शिवाय हा गृहस्थ स्वतः घड्याळवादीच: घड्याळ आहे आणि घड्याळजी नाही, हे पटत नाही, असं म्हणणारा. उतारवयात तर त्यानं आपल्या फेर्ने गावात घड्याळांचे कारखाने काढले आणि रशियाच्या कॅथरीनपासून ओळखीच्या झाडून सगळ्या बड्यांना घड्याळं खपवली. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात घड्याळाच्या उपमेतून पैसे काढणारा तेवढा एकच.

अप्पांच्या घरी लायब्निझ बरोबर की क्लार्क, हे मी खूप दिवस ठरवू शकले नाही. घडवणारा चांगला असता तर अप्पांना रेडिओपाशी उभं राहावं लागलं नसतं, हे खरं. पण अप्पा तिथं उभे असत तेव्हा त्यांचा चेहरा दुरुस्ती करणाऱ्याचा नसे.

ते गेले एका बुधवारी. आठ दिवसांचं घड्याळ. रविवारची किल्ली भरलेली होती. माणसं आली, गेली, रडणं झालं, आणि ते आपलं तासातासाला टोले देत राहिलं. देवानं एकदा जग चालू करून दिलं आणि तो निघून गेला, असं मानणारे अठराव्या शतकात पुष्कळ होते. पास्कालचा देकार्तवर राग होता तो यावरूनच: याला जगाला एक टिचकी मारण्यापुरताच देव हवा, नंतर कामाचा नाही. (देकार्तवर हा थोडा अन्यायच. जग या क्षणी आहे म्हणून पुढच्या क्षणी असेल याची काही हमी नाही, त्याला क्षणोक्षणी धरून ठेवावं लागतं, असं त्यानंच 1641 च्या 'चिंतनां'त लिहिलंय.) त्या आठवड्यात मला कळलं की मालकामागे चालणारं घड्याळ ऐकवत नाही. पुढच्या आठवड्यात टोले रेंगाळू लागले. दोन ठोक्यांत एक अख्खा श्वास मावेल इतके. मग ते थांबलं.

दहाव्याच्या दिवशी घर भरलेलं असताना आईनं स्टूल ओढलं, नऊवारीचा ओचा खोचला आणि वर चढली. डावीकडे की उजवीकडे, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. इतकी वर्षं खालून बघत होती. नंतर गुडघे जाईपर्यंत तीच किल्ली देत असे. रेडिओ मात्र तिनं कधी लावला नाही. घड्याळ जे म्हणेल ते. देव मानणारी ती आणि दुरुस्ती करणारे अप्पा. अठराव्या शतकातले वाद आमच्या घरी असे उलटसुलट बसले होते.

ह्यूमनं पुढे या सगळ्या उपमेचाच निकाल लावला. त्याचे धर्मावरचे संवाद तो 1776 मध्ये वारल्यावर तीन वर्षांनी छापले गेले. जवळच्या मित्राचा, ॲडम स्मिथचाही ते छापायचा धीर झाला नव्हता. त्यातला फिलो विचारतो, जग घड्याळासारखंच कशावरून? ते भाजीपाल्यासारखंही असेल, उगवलेलं. किंवा एखाद्या पोरसवदा देवाचा पहिला, फसलेला प्रयत्न असेल. घड्याळं होताना आपण पाहिली आहेत, जगं होताना किती पाहिली? त्याला उत्तर देता आलेलं नाही. 1781 साली कांटनं 'शुद्ध बुद्धीच्या मीमांसे'त ईश्वराचे सगळे पुरावे एकेक करून खाली ठेवले, पण या घड्याळजीच्या पुराव्याशी तो आदरानं वागला. जुना आहे, सगळ्यांना समजणारा आहे, म्हणाला. तरी सिद्ध काही होत नाही. बुद्धीला अनुभवाच्या पलीकडचं ज्ञान होत नाही. मग 1788 च्या दुसऱ्या मीमांसेत देव मागच्या दारानं परत आला, नीतीला लागणारं एक गृहीत म्हणून. जर्मन कवी हाइनेनं यावर थट्टा केली होती की सगळं पाडून झाल्यावर कांटनं वळून पाहिलं तर मागे त्याचा म्हातारा नोकर लाम्पे छत्री घेऊन डोळे पुसत उभा. त्याची दया येऊन कांटनं देव परत दिला.

ही थट्टा वाचली आणि मी कांट सोडून लाम्पेच्या मागे लागले. देकार्तला दुपारपर्यंत अंथरुणात पडून विचार करायची सवय होती. स्वीडनच्या राणी क्रिस्तिनानं त्याला पहाटे पाचच्या शिकवणीला बोलावलं आणि पहिल्याच हिवाळ्यात, फेब्रुवारी 1650 मध्ये, तो न्यूमोनियानं गेला. कांट स्वतःहून पाचला उठत असे, असं सगळे लिहितात. तो उठत नसे, त्याला उठवलं जाई. लाम्पे हा निवृत्त शिपाई. रोज पाचला पाच कमी असताना तो खोलीत शिरून वेळ झाल्याची वर्दी देई, आणि मालकानं कितीही विनवलं तरी त्याला झोपू द्यायचं नाही, असा खुद्द मालकाचाच हुकूम होता. क्योनिग्सबेर्गचे लोक कांटच्या फिरण्यावर घड्याळं लावत, अशी दंतकथा आहे. कांटचं घड्याळ कशावर लागत होतं, हे त्या लोकांनी विचारलं नाही.

आमच्याकडेही पाचला उठायचं ते आईच्या हाकेवर. "पाच वाजले" ती म्हणे तेव्हा ओसरीवर साडेचार झालेले असत. नळाला पाणी साडेचारला येई. अप्पा घड्याळाला वेळ शिकवत होते आणि आई आम्हा सगळ्यांना त्याच्या अर्धा तास पुढे चालवत होती, रोज, सांगून सवरून खोटं बोलून. अमळनेरात 1916 पासून प्रताप शेठजींचं तत्त्वज्ञान मंदिर आहे, साने गुरुजी तिथं शिकायला आले होते. गावाला तत्त्वज्ञान नवीन नाही. पण बुद्धी, ज्ञान आणि ईश्वर या तीन विषयांवर मी आजवर जे वाचलं, त्यातल्या एकाही पुस्तकात उठवणाऱ्या माणसाला जागा नाही. घडवणारा आहे, दुरुस्त करणारा आहे, निघून गेलेला आहे, नसलेलाही आहे.

लाम्पेनं चाळीस वर्षं काढली. 1802 च्या जानेवारीत, दारू आणि उद्धटपणा वाढला म्हणून, कांटनं त्याला पेन्शन देऊन काढून टाकलं. नव्या नोकरालाही तो चुकून लाम्पे म्हणून हाक मारी, तेव्हा त्यानं स्वतःच्याच टाचणवहीत लिहून ठेवलं की लाम्पे हे नाव आता साफ विसरायचं आहे. दोन वर्षांनी तो गेला. 'शुद्ध बुद्धीची मीमांसा' लिहिली जात होती तेव्हा रोज पहाटे लाम्पेच दार उघडत होता. पुस्तक अर्पण केलंय ते प्रशियाच्या मंत्र्याला, फॉन त्सेडलित्सला.